मॉनिटर एक की दोन? : डोळे, कान आणि कोनांचे गणित

शाळेत ‘मॉनिटर’ म्हटले की वर्गावर लक्ष ठेवणारा मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर येते. हा शब्द मूळचा लॅटिन. त्यातील क्रियापदाचा अर्थ सावध करणे, बजावणे असा आहे. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मात्र या एकाच शब्दाने दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या जातात. संगणकाचा पडदा हा एक मॉनिटर. आणि मुद्रित केलेला आवाज पारखून ऐकण्यासाठी समोर ठेवलेले स्पीकर हेही मॉनिटरच! एक डोळ्यांना माहिती देतो, दुसरा कानांना. गोंधळ होऊ नये म्हणून या लेखात आपण पहिल्याला ‘पडदा’ आणि दुसऱ्याला ‘स्पीकर’ म्हणू.

आता प्रश्न असा. संगणक, एक बरा मायक्रोफोन आणि दोन स्पीकर एवढ्या सामग्रीवर घरातल्या घरात नाटिका, गाणी, बोलकी पुस्तके तयार करणे आज शक्य झाले आहे. अनेक शाळांतही असा कोपरा उभा राहू लागला आहे. अशा वेळी पडदा घ्यायचा तर एकच मोठा घ्यावा की मध्यम आकाराचे दोन घ्यावेत? बहुतेक जण याचे उत्तर दुकानात, किंमत विचारून ठरवतात. पण हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. त्यात भूमिती आहे, डोळ्याची रचना आहे, ध्वनीचे विवर्तन आणि परावर्तन आहे. आठवी ते दहावीच्या पुस्तकांतले विज्ञान त्याचे उत्तर शोधायला पुरेसे आहे. शिवाय चुकीच्या निवडीचा परिणाम तयार होणाऱ्या आवाजावर होतो, म्हणजे शेवटी तो ऐकणाऱ्याच्या कानांवर होतो.

पडद्यावर असते तरी काय?

पूर्वी आवाजाचे संपादन चुंबकीय फितीवर होत असे. नको असलेला भाग ब्लेडने कापायचा आणि उरलेली टोके चिकटपट्टीने जोडायची. आवाज कमीअधिक करण्यासाठी समोर बटणांचा आणि सरकपट्ट्यांचा भलामोठा फलक असे. त्याला मिक्सर म्हणत. १९८९ मध्ये अटारी संगणकावर ‘क्यूबेस’ ही प्रणाली आली. काळ डावीकडून उजवीकडे धावतो आहे आणि प्रत्येक वाद्यासाठी एक आडवी पट्टी आहे, असे चित्र तिने पडद्यावर मांडले. १९९१ मध्ये ‘प्रो टूल्स’ बाजारात आली. आजच्या जवळजवळ सर्व प्रणाली याच घराण्यातल्या आहेत.

या प्रणालींत मुख्यतः दोन खिडक्या असतात. एक कालपट्टीची. समजा आपण एक भावगीत मुद्रित करतो आहोत, तर गायकाचा आवाज, हार्मोनियम, तबला, तानपुरा, बासरी यांच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक दिसतात. दुसरी खिडकी मिक्सरची. तिच्यात प्रत्येक वाद्यासाठी एक उभी पट्टी आणि एक सरकबटण असते. काम करणाऱ्याला कधी ही खिडकी हवी असते, कधी ती. एकाच पडद्यावर दोन्ही उघडल्या तर दोन्ही अंग चोरून बसतात. म्हणून दोन पडद्यांची कल्पना मनाला पटकन पटते : एकावर कालपट्टी, दुसऱ्यावर मिक्सर.

किती रुंद पडदा पुरेल?

पडद्यावरचे चित्र बारीक बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. त्यांना पिक्सेल किंवा चित्रबिंदू म्हणतात. सर्वसाधारण पडद्यावर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० चित्रबिंदू असतात. ४ मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे गाणे या १९२० बिंदूंवर पसरले तर एका सेकंदाच्या वाट्याला ८ बिंदू येतात. म्हणजे एक बिंदू १२५ मिलिसेकंदांचा झाला. गायकाने दोन शब्दांमध्ये घेतलेला श्वास कापायचा असेल तर एवढ्या जाड बिंदूंचा काही उपयोग नाही.

पडदा दुप्पट रुंद केला तर? एक बिंदू ६२.५ मिलिसेकंदांचा होईल. तरीही तो जाडच. डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाची मोजमापे दर सेकंदाला साधारण ४८,००० वेळा घेतली जातात. म्हणजे ४ मिनिटांच्या गाण्यात १,१५,२०,००० मोजमापे झाली. प्रत्येक मोजमापाला एक चित्रबिंदू द्यायचा ठरवला, आणि एका बिंदूची रुंदी ०.२७७ मिलिमीटर धरली, तर पडदा सुमारे ३.२ किलोमीटर रुंद लागेल!

तेव्हा पडदा कितीही मोठा घेतला तरी चित्र लहान-मोठे करत, पुढे-मागे सरकवतच काम करावे लागणार. संपूर्ण गाणे बारकाव्यांसह एका नजरेत दिसेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. मोठ्या पडद्यामुळे सरकवण्याचा त्रास कमी होतो, संपत नाही. हे एकदा ध्यानात आले की ‘जितका मोठा तितका बरा’ हा समज गळून पडतो.

चोवीस अधिक चोवीस म्हणजे किती?

पडद्याचा आकार इंचांत सांगतात. हे माप त्याच्या कर्णाचे असते. रुंदी आणि उंची यांचे प्रमाण १६ : ९ असेल तर पायथागोरसच्या प्रमेयावरून रुंदी कर्णाच्या ०.८७ पट आणि उंची ०.४९ पट येते. यावरून २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच भरतो. ३२ इंची पडदा ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो.

आता मुलांना विचारा : २४ इंची दोन पडद्यांएवढे क्षेत्रफळ हवे असेल तर त्याच प्रमाणाचा एकच पडदा किती इंची घ्यावा? पुष्कळ जण ४८ म्हणतील. पण क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून २४ ला दोनाच्या वर्गमुळाने गुणावे लागेल. उत्तर येते सुमारे ३४ इंच. म्हणजे ३२ इंची एक पडदा हा २४ इंची दोन पडद्यांहून क्षेत्रफळात थोडा कमीच असतो.

क्षेत्रफळाइतकीच चित्रबिंदूंची संख्या महत्त्वाची. २४ इंची साध्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात. दोन पडद्यांवर ४१,४७,२००. ‘फोर के’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३२ इंची पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे एकूण ८२,९४,४०० बिंदू असतात. दुप्पट! मग काम करायला जागाही दुप्पट मिळेल, असे जाहिरात वाचणाऱ्याला वाटते. इथे डोळा आडवा येतो.

डोळ्याची मर्यादा

नेत्रतज्ज्ञ ज्याला ६/६ दृष्टी म्हणतात, त्या निरोगी डोळ्याला साधारण १ मिनिट कोनाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. १ मिनिट म्हणजे १ अंशाचा ६० वा भाग. पडदा डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर असेल तर १ मिनिट कोनाची रुंदी ०.२ मिलिमीटर होते. २४ इंची साध्या पडद्याचा बिंदू ०.२७७ मिलिमीटरचा, म्हणजे १.३६ मिनिटांचा असतो. तो या मर्यादेच्या वर आहे, म्हणून त्यावरची अक्षरे सहज वाचता येतात. ३२ इंची फोर के पडद्याचा बिंदू ०.१८४ मिलिमीटरचा, म्हणजे ०.९ मिनिटाचा. तो मर्यादेच्या खाली गेला. अक्षरे सुबक दिसतील, पण इतकी बारीक की वाचताना पुढे झुकावे लागेल.

यावर उपाय म्हणून संगणकाला सांगून सगळे दीडपट मोठे करून घेतात. तसे केले की ३८४० ऐवजी २५६० आणि २१६० ऐवजी १४४० बिंदूंएवढीच कामाची जागा उरते. त्यांचा गुणाकार ३६,८६,४००. हा आकडा २४ इंची दोन साध्या पडद्यांपेक्षा कमी आहे. जास्तीच्या बिंदूंनी चित्राला रेखीवपणा दिला. जागा दिली नाही. वर्तमानपत्र चांगल्या कागदावर छापले तर अक्षरे ठळक उमटतात, पण त्यात मजकूर जास्त मावत नाही, तसेच हे.

डोळ्याची दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू असतो आणि त्याच्याही मध्यात एक सूक्ष्म खळगा असतो. अगदी स्पष्ट दिसते ते फक्त या खळग्यावर पडणारे चित्र, आणि तेही सुमारे २ अंशांएवढे. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरला तर त्याची रुंदी साधारण तेवढीच भरते. बाकीचा पडदा आपल्याला ‘दिसतो’ असे वाटते, पण वाचण्यासाठी नजर तिथे न्यावी लागते. थोड्या कोनापर्यंत नुसते डोळे वळतात. १५ ते २० अंशांच्या पुढे मानही वळू लागते.

२४ इंची दोन पडदे शेजारी शेजारी ठेवून मधल्या जोडासमोर बसले तर काय होते? नाकासमोर येते ती दोन चौकटींची काळी पट्टी. प्रत्येक पडद्याचा मध्य ७० सेंटिमीटर अंतरावरून २१ अंश बाजूला आणि बाहेरची कड ३७ अंश बाजूला असते. म्हणजे समोर पाहण्यासारखे काही नाही, आणि पाहण्यासारखे जे आहे ते समोर नाही. दिवसातून चार-पाच तास काम करणाऱ्याची मान हे लवकरच जाणवून देते.

कानांचा त्रिकोण

इथपर्यंतचा विचार कोणत्याही कार्यालयातील कामाला लागू पडेल. हिशेब लिहिणाऱ्याने किंवा भाषांतर करणाऱ्याने दोन पडदे खुशाल घ्यावेत आणि खुर्ची हवी तशी फिरवावी. ध्वनीच्या कामात मात्र खोलीत आणखी दोन मानकरी असतात, ते म्हणजे स्पीकर. त्यांची जागा आधी ठरते.

१९३१ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलन ब्लुमलाइन या अभियंत्याने दोन वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला. ज्याला आज आपण स्टिरिओ म्हणतो त्याची ही पायाभरणी. दोन्ही स्पीकरमधून सारखाच आवाज आला तर तो दोहोंच्या मधून, जिथे कोणताच स्पीकर नाही अशा जागेतून आल्यासारखा वाटतो. गायकाचा आवाज बहुधा असाच मध्ये ‘उभा’ केलेला असतो. हा भास नीट व्हावा म्हणून दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके हे एका समभुज त्रिकोणाचे तीन शिरोबिंदू असावेत, असा सर्वमान्य संकेत आहे. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा. म्हणजे प्रत्येक स्पीकर ऐकणाऱ्याच्या समोरील रेषेपासून ३० अंश बाजूला येतो.

दहा बाय बारा फुटांच्या घरगुती खोलीत हा त्रिकोण साधारण १२० सेंटिमीटर बाजूचा मांडता येतो. स्पीकर २२ सेंटिमीटर रुंद असेल तर तो १२० सेंटिमीटरवरून पाहताना मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे ५ अंश व्यापतो. म्हणून डोके आणि स्पीकर यांच्यामध्ये काही येऊ द्यायचे नसेल, तर पडद्याची कड समोरच्या रेषेपासून २५ अंशांच्या आतच राहायला हवी. आता वरचा आकडा आठवा : शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांची बाहेरची कड ३७ अंशांवर होती. म्हणजे दोन्ही पडदे थेट दोन्ही स्पीकरच्या पुढे उभे राहिले!

पडद्याची सावली

उभे राहिले तर काय बिघडले? स्पीकर दिसत नसला तरी आवाज ऐकू येतोच की. येतो, पण सगळा नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. त्याला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. १०० हर्ट्झच्या घुमाऱ्याची तरंगलांबी ३.४ मीटर, तर १०,००० हर्ट्झच्या सळसळीची फक्त ३.४ सेंटिमीटर. अडथळा तरंगलांबीपेक्षा लहान असेल तर लाट त्याला वळसा घालून पुढे जाते. पुष्कळ मोठा असेल तर मागे सावली पडते. अर्ध्या मीटरचा पडदा १०० हर्ट्झच्या लाटेला नदीतल्या खांबासारखा असतो. १०,००० हर्ट्झच्या लाटेला मात्र तो भिंतीसारखा वाटतो.

डग्ग्याचा घुमार त्यामुळे पूर्ण ऐकू येईल. पण तानपुऱ्याच्या जवारीतली चमक, चाटेवरचा ‘ना’चा टणत्कार, ‘स’ आणि ‘श’ या वर्णांतली सीत्कारासारखी धार हे सारे उंच वारंवारतांचे असते. ते फिके पडेल. आता काम करणारा काय करील? आवाज मंद वाटतो म्हणून तो उंच वारंवारता वाढवील. त्याच्या खोलीत सगळे ठीक वाटेल. तोच पाठ किंवा तेच गाणे दुसऱ्याच्या घरी, पडद्याची सावली नसलेल्या ठिकाणी वाजले की प्रत्येक ‘स’ कानाला टोचेल. दोष मायक्रोफोनचा नाही, गायकाचा नाही, स्पीकरचाही नाही. तो पडद्याच्या जागेचा आहे. पण पडद्यावर कोणी संशय घेत नाही.

मग स्पीकरच पडद्यांच्या पुढे आणले तर? सावली जाईल, पण परावर्तन सुरू होईल. काचेसारख्या कठीण पृष्ठभागावरून उडालेला आवाज थेट आवाजाच्या थोडा मागाहून कानी पडतो. समजा तो १७ सेंटिमीटर जास्त चालून आला. त्याला अर्धा मिलिसेकंद उशीर झाला. १००० हर्ट्झच्या लाटेसाठी अर्धा मिलिसेकंद म्हणजे बरोबर अर्धे आवर्तन. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. ३०००, ५००० हर्ट्झलाही हेच घडते. उलट २००० आणि ४००० हर्ट्झला त्या एकमेकींना बळ देतात. आलेखावर ही नक्षी कंगव्याच्या दात्यांसारखी दिसते. पुस्तकासारखे आत वळवून ठेवलेले दोन मोठे पडदे अशा परावर्तनाला चांगलीच मदत करतात. अर्थात सगळा दोष पडद्याचा नव्हे. टेबलाचा मोकळा पृष्ठभागही हेच करतो.

जागेचे अंदाजपत्रक

आता डोळ्याचा आणि कानाचा हिशेब एकत्र मांडू. स्पीकर झाकायचे नाहीत, म्हणून पडद्याला एकूण ५० अंशांची जागा. अक्षरे विनासायास वाचता यावीत, म्हणून एका बिंदूला साधारण १.३६ मिनिटांचा कोन. या दोन अटींवरून ७० सेंटिमीटर अंतरावर पडदा ६५ सेंटिमीटर रुंद असू शकतो, आणि त्यात आडवे सुमारे २,३५० बिंदू मावतात.

कोणी म्हणेल, पडदा मागे सरकवू आणि मोठा घेऊ. १०० सेंटिमीटरवर नेला तर तो ९३ सेंटिमीटर रुंद चालेल, हे खरे. पण तेवढ्या अंतरावरून वाचण्यासाठी प्रत्येक बिंदूही त्याच प्रमाणात मोठा हवा. भागाकार केला की पुन्हा २,३५० च! अंतर बदला, आकार बदला, एक घ्या की दोन घ्या. दोन स्पीकरच्या मधल्या खिडकीत कामाची रुंदी तेवढीच राहते. हा आकडा कंपनी ठरवत नाही. तो आपल्या दृष्टिपटलाने आणि समभुज त्रिकोणाने ठरवला आहे. दृष्टी तीक्ष्ण असेल तर तो थोडा वाढेल, चाळिशीचा चष्मा लागला असेल तर थोडा घटेल, इतकेच.

एका साध्या पडद्याला १९२० बिंदू लागतात. ते या अंदाजपत्रकात बसतात. शेजारी शेजारी दोघांना ३८४० लागतात. ते बसत नाहीत.

मान वळली की गायक सरकतो

आणखी एक गोष्ट. डावीकडच्या पडद्यावर काम चालले असेल तर माणूस नकळत खुर्चीसह तिकडे सरकतो. समजा डोके १० सेंटिमीटर डावीकडे गेले. आपल्या त्रिकोणात डावा स्पीकर आता ११५.३ सेंटिमीटरवर आणि उजवा १२५.३ सेंटिमीटरवर आला. फरक १० सेंटिमीटरचा. म्हणजे डाव्या स्पीकरचा आवाज ०.३ मिलिसेकंद आधी पोचतो. हा काळ क्षुल्लक वाटेल. पण अगदी एका बाजूने आलेला आवाज आपल्या दोन कानांना गाठतो, त्यातले अंतरही ०.६ ते ०.७ मिलिसेकंदच असते, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. त्यामुळे मध्ये उभा असलेला गायक स्पष्टपणे डावीकडे सरकल्याचे भासते. काम करणाऱ्याने कानावर विश्वास ठेवून त्याला उजवीकडे ढकलले, तर इतर सर्वांना तो कायमचा उजवीकडे ऐकू येईल.

डोळेही कानांना फसवतात. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचे अर्धवटराव कोणाला माहीत नाहीत? बोलत असतात पाध्ये, पण ओठ हलतात बाहुल्याचे, म्हणून आवाज तिथूनच येतो असे वाटते. आवाज आणि हालचाल यांत थोडे अंतर असले तर मेंदू डोळ्यांचे ऐकतो. म्हणून चित्रफितीला आवाज जोडण्याचे काम असेल तर चित्राचा पडदा मधोमधच हवा. तो बाजूला असला तर संवाद योग्य जागी आहेत की नाहीत हे नीट कळणार नाही.

मग निवड कशी करावी?

आमचे मत असे. स्पीकरवर ऐकून काम करायचे असेल, खोली लहान असेल आणि काम मुख्यतः आवाजाचे किंवा गाण्याचे असेल, तर दोन स्पीकरच्या मधोमध एकच पडदा ठेवावा. २७ इंची, २५६० × १४४० बिंदूंचा पडदा या कामाला छान जुळतो. तो ६० सेंटिमीटर रुंद असल्याने ७० सेंटिमीटरवरून २३ अंशांच्या आत बसतो आणि त्याचा बिंदू १.१५ मिनिटांचा असतो. ३४ इंची अतिरुंद पडदा घ्यायचा झाला तर तो ८० सेंटिमीटर रुंद असल्याने ९० सेंटिमीटरवर ठेवावा लागेल आणि अक्षरे थोडी मोठी करावी लागतील. मिक्सर आणि कालपट्टी यांच्यात ये-जा करण्यासाठी कळफलकावरची एक कळ पुरते. ती सवय आठवड्यात अंगवळणी पडते.

चित्रफितीचे काम असेल, किंवा पंचवीस-तीस वाद्यांचा मिक्सर सतत समोर हवा असेल, तर दुसरा पडदा जरूर घ्यावा; पण दोघांना समान मान देऊ नये. एक मुख्य, तो समोर. दुसरा दुय्यम, तो स्पीकरच्या आणि कानाच्या रेषेबाहेर. मुख्य पडद्याच्या खाली, टेबलावर तिरका झुकवून ठेवलेला लहान पडदा उत्तम, कारण आपल्याला वर पाहण्यापेक्षा खाली पाहणे सोपे जाते. लॅपटॉप असेल तर त्याचाच पडदा हे काम करील. जुना एखादा पडदा घरात पडून असेल तर नवीन खर्चही नको. मात्र दोघांचे बिंदू वेगवेगळ्या आकाराचे असतील तर खिडकी इकडून तिकडे नेताना अक्षरे लहान-मोठी होतील, हे ध्यानात ठेवावे. दोन पडद्यांचा आणखी एक फायदा म्हणजे एक बिघडला तर काम अडत नाही.

हेडफोन लावूनच काम करायचे असेल तर त्रिकोणाची अट उरत नाही. तेव्हा मानेला सोसेल ती मांडणी करावी. आणि पैसे मोजकेच असतील तर साध्या २४ इंची एका पडद्यावर भागवून उरलेली रक्कम स्पीकरसाठी किंवा खोलीतील जाड पडदे, गाद्या, सतरंज्या यांसाठी वापरावी.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. फळ्यावर मध्यम आकाराची, एकमेकांशी संबंध नसलेली अक्षरे एका ओळीत लिहा. विद्यार्थ्याने मधल्या अक्षरावर नजर रोखून, डोळे न हलवता दोन्ही बाजूंची किती अक्षरे वाचता येतात ते सांगावे. अंतर मोजून त्याचा कोन काढावा.

२. एका मुलाने स्टीलच्या ताटात मूठभर तांदूळ सावकाश ओतावेत. दुसऱ्याने दीड मीटरवर डोळे मिटून बसावे. तिसऱ्याने दोघांच्या मध्ये, ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याजवळ, जाड पुठ्ठ्याचा मोठा तुकडा धरावा आणि काढावा. सळसळीत पडणारा फरक सहज कळतो. मग तांदळाऐवजी ढोलकीची धुमेकडची बाजू वाजवून पाहावी. फरक किती उरतो?

३. १२० सेंटिमीटरच्या तीन दोऱ्या बांधून जमिनीवर समभुज त्रिकोण करा. दोन शिरोबिंदूंवर दोन खुर्च्या, म्हणजे स्पीकर. तिसऱ्यावर विद्यार्थी बसवा. त्याच्यापासून ७० सेंटिमीटरवर आधी ६० आणि मग १०६ सेंटिमीटर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी आडवी धरा. खुर्च्या केव्हा झाकल्या जातात ते त्यालाच सांगू द्या. कोनमापक आणि त्रिकोणमिती यांचा उपयोग मुलांना यापेक्षा सोप्या रीतीने पटवणे कठीण आहे.

पडदे एक असोत की दोन, अनुभवी ध्वनिमुद्रक एक पथ्य पाळतात. काम संपत आले की पडदा बंद करून, डोळे मिटून सगळे मुद्रण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐकायचे. पडद्यावरची लाटांची चित्रे, हलणारे काटे, रंगीत पट्ट्या दिसेनाशा झाल्या की जे खटकत नव्हते ते खटकू लागते, आणि जे चुकीचे वाटत होते ते ठीक असल्याचे कळते. ऐकणाऱ्याजवळ आपला पडदा नसतो. त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोचतो. तेव्हा शेवटचा निकाल कानांनाच देऊ द्यावा.